दिल्लीतले माझे तोंड व त्याखालचे नाव यांची व्यवस्था

मी, कोंडाजी सखाराम कडलक उर्फ लक्ष्या खिलार (हे 'उर्फ' वकीलबाईंनी घातले आहे, माझे नव्हे), वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती व बैलगाडा, राहणार वराळे, तालुका मावळ, लोणावळ्यात ॲडव्होकेट तेजल पडवळ यांच्या कचेरीत बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे, पोटात चहाखेरीज काही नाही, कोणी दमदाटी केलेली नाही. दिल्लीच्या कागदोपत्री मी वारलो आहे. तरी मी हयात आहे असे धरून पुढचे वाचावे.

कलम १. राहते घर व जमीन माझे पश्चात पत्नी कस्तुराबाई हिची, तिचे पश्चात मुलगा अमृत याची. अमृत नवलाख उंबऱ्याला कारखान्यात आहे. शेतात काय पेरतात हे विसरला असेल तर आईला विचारावे. बांधाकडेचा तुकडा, जिथे माझा बैल लक्ष्या पुरला आहे, तो गोदामवाल्यांना देऊ नये. ते गोड बोलतात.

कलम २. लक्ष्याची झूल, घुंगुरमाळ, शिंगांच्या पितळी शेंब्या आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटात जिंकलेल्या ढाली नात माधवी हिला. अमृतला देऊ नयेत, तो भंगारात घालील.

कलम ३. दिल्लीच्या चित्राखालचे नाव. हे नीट लिहून घ्यावे, कारण सगळे आयुष्य इथे अडले आहे.

शर्यतींवर बंदी यायच्या आधी मुंबईच्या एक चित्रकार बाई लोणावळ्यात बंगला घेऊन राहत होत्या. लक्ष्या घाटात पहिला आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गोठ्यात येऊन बसल्या. मी लक्ष्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिलो. बाईंनी विचारले, नाव काय? मी म्हणालो, लक्ष्या. मूळ कुठले? आटपाडीच्या बाजारातले. घराणे? खिलार. आता घाटात माणसाचे नाव कोण विचारतो? आम्हा गाडामालकांना लोक बैलावरून ओळखतात. सगळ्या जगाला सांगतो तेच, बैलाचे नाव, गाव आणि जात, मी बाईंनाही सांगितले.

बाई वारल्यावर ते चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहात गेले. मी ते पाहिलेले नाही, गावचा एक जण पाटी वाचून आला. डाव्या अंगाला तलवारवाला सरदार, उजव्या अंगाला कोणी नवाब, मध्ये मी, आणि खाली पाटी: 'लक्ष्या खिलार, शेतकरी, मूळ आटपाडी'.

दुरुस्तीसाठी अर्ज केला. उत्तर आले की श्री. खिलार यांचे संमतिपत्र जोडावे, हयात नसल्यास मृत्यूचा दाखला. ग्रामसेवक म्हणाला, "आबा, बैलाचा दाखला पंचायत कुटनं देनार? जनावरांच्या डॉक्टरकडं जावा." डॉक्टर संदेश शेलार यांनी दाखला दिला. त्यात स्वच्छ लिहिले होते: रंग पांढरा, शिंगे दोन, वृद्धापकाळाने मृत्यू. दिल्लीने तो वाचला, शोक कळवला, आणि पाटीवर मृत्यूचे साल टाकून दिले.

सबब अमृतने दिल्लीस जाऊन तिथे 'कोंडाजी सखाराम कडलक' असे लिहवून घ्यावे. तोवर घर त्याच्या नावे होणार नाही आणि माझ्या फोटोला हार पडणार नाही. देशाच्या भिंतीवर तोंड माझे आणि नाव भलत्याचे, हे मला मेल्यावरही सोसणार नाही.

कलम ४. चुलतभाऊ दत्तोबा कडलक याने सोमाटणे फाट्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला होता: 'लक्ष्या खिलार यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त बैलवर्ग'. तो फ्लेक्स सध्या माझ्या कडब्यावर पांघरलेला आहे. माझे पश्चात तो दत्तोबास परत द्यावा. कडबा देऊ नये.

कलम ५. इथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. कस्तुराबाई शेजारी बसली होती. मागच्या महिन्यात ती माधवीबरोबर दिल्लीला जाऊन चित्र बघून आली आहे. मी गुडघ्यांमुळे गेलो नाही. कलम तिसरे ऐकल्यावर ती म्हणाली, "बैल न्हाई त्यात."

मी म्हणालो, "कशात न्हाई?"

"चित्रात. तुमीच हाय नुसतं कमरंपतुर. बाईनं बैल काडलाच न्हाई. तुमचा हात हाय, पन हाताखाली काळा रंग. माधवीनं वाचून दावलं, तितं लिवलंय की ह्यो हात शून्य हुडकतोय."

इतकी वर्षे मी समजत होतो की माझा हात लक्ष्याच्या वशिंडावर आहे.

मग ती म्हणाली, "त्वांड तुमचं, मुंडासं तुमचं, हात तुमचा. आता नाव बी तुमचंच लावा. मंग त्याचं काय ऱ्हायलं तितं?"

बंदीच्या काळात सगळ्यांनी बैल विकले. मी लक्ष्याला बसवून खाऊ घातले. बंदी उठली त्याच साली तो गेला. पुन्हा घाट चढला नाही. मी त्याच्यासाठी भर गोठ्यात रडलो होतो, आणि त्याच लक्ष्याचे नाव पुसायला मी मुलाला दिल्लीला धाडत होतो. मला माझी लाज वाटली.

वकीलबाई कलम तिसरे खोडायला निघाल्या. मी म्हणालो, राहू द्या, माझी खोड लोकांना कळू द्या. त्याखाली एवढेच लिहा: ते कलम या कलमाने रद्द. घर अमृतला बिनशर्त मिळावे. पाटीला कोणी हात लावू नये. माझे नाव घरातली माणसे घेतील. त्याचे दिल्लीत वाचले जाऊ द्यावे. पाटीवर मी मेलेला आहे, तोही तसाच राहू द्यावा.

ठिकाण: लोणावळा. दिनांक १२ फेब्रुवारी २०२५.

डॉक्टरांचा दाखला (माणसांचे डॉक्टर रजेवर असल्याने): तपासले. इसम पूर्ण शुद्धीत. शिंगे नाहीत. सही, डॉ. संदेश शेलार, साक्षीदार क्रमांक एक.

साक्षीदार क्रमांक दोन: दत्तोबा कडलक. (मला कडबाही पाहिजे. तरी सही करतो.)

लिहून देणार: कोंडाजी सखाराम कडलक उर्फ लक्ष्या खिलार. हे 'उर्फ' मी स्वतः घातले आहे.