चाळीस शब्द

प्रिय निलम,

नांदेडच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला येताना आपण कनेरगाव नाक्यावर उतरायचो, आठवतं? वसतिगृहात तांड्याची बोली बंद, आईला याडी म्हणायचीही चोरी. एसटीतही तू सिस्टर मागे बसल्यासारखी गप्प. नाक्यावर पाय टेकला की तुझं तोंड सुटायचं, आणि तांड्यात पोचेपर्यंत तीन महिन्यांचं सगळं न्यायला आलेल्या याडीला सांगून व्हायचं. मी नुसती ऐकायचे. बोली काय, आहेच आपली, असं वाटायचं.

जानेवारीत डोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आठ दिवस संभाजीनगरला माझ्याजवळ होतीस. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून थोडी आत ठेवावी लागली. शुद्धीवर आल्यावर मी तुझ्याशी मराठी बोलले, नर्सशी हिंदी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पाठ करून घेतलेली इंग्रजी प्रार्थनाही अडखळत, पण पूर्ण आली. हिंगोलीला घरी आले, याडीशी बोलायला तोंड उघडलं आणि आपल्या बोलीतला एकही शब्द येईना. ती बोलते ते सगळं कळतं. उत्तर मराठीत येतं. तू दरवेळी फोनवर मराठीतच बोललीस, म्हणून तुला कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

माझ्या योगेशला आपली बोली कळते, बोलता येत नाही. सूनबाई साधना हट्टा गावची, तिला ती कळतही नाही. याडीचं मराठी बाजारापुरतं. दिवसभर तिच्याशी बोलणारी मीच एकटी होते. महिनाभर तिनं वाट पाहिली. मग साधनाला म्हणाली, "शिकल्याली पोरगी. आता मायसंगं परक्यावानी बोलून राहिली." साधनानं समजावलं, "आजी, त्यायच्या डोक्याला तकलीफ हाय, राग न्हाई." याडी म्हणाली, "तुज्यासंगं तर बराबर बोलती. तकलीफ काय मलाच वळखती का?"

मग मी रोज सकाळी तिच्यासमोर बसू लागले. ती कशिदा घेऊन बसायची. एक टाका, एक शब्द. मी बरोबर म्हटलं की पुढचा टाका, चुकले की घातलेला उसवायची. लहानपणी आपल्याला शिवायला शिकवलं तसंच. मे अखेर मला चाळीस शब्द यायला लागले. एकदा सबंध वाक्य आलं, चहा गार झाला एवढंच. ती इतकी हसली की सुई हातातून पडली.

त्या चाळीस शब्दांसाठी मी काय केलं ते आता सांगते. फेब्रुवारीत रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की माझं वय आणि उरलेली गाठ बघता रेडिएशन लगेच घ्यायचं, थांबायचं नाही. त्यानं गाठ बरीच वर्षं थोपते, पण पुढे आठवण आणि शिकणं मंदावू शकतं. योगेशला मी बाहेर बसवलं होतं. बाहेर येऊन म्हटलं, हळू वाढणारी आहे, नुसतं लक्ष ठेवायचंय. तुलाही तेच सांगितलं. रेडिएशन पुढे ढकललं, मला आधी याडीशी बोलायचं होतं.

सप्टेंबरात स्वयंपाक करताना आकडीचा झटका आला. स्कॅनमध्ये गाठ वाढलेली, आणि डॉक्टर आता तिला हळू वाढणारी म्हणत नाहीत. चाळीस शब्दही गेले. काल माझा मास्क बनवला. गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात, गार होईपर्यंत हलायचं नाही. सोमवारपासून रोज ती जाळी घालून टेबलाला जखडतील, असं तीस वेळा. त्यातून थोडा वेळ मिळेल. शब्द मिळतील असं कुणी म्हटलं नाही.

मराठी लिहिता येतंय तोवर हे लिहून ठेवते आहे. योगेशवर रागावू नकोस, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यामागे माझी पुस्तकं पुसेगावच्या शाळेत द्यायची. सोन्याची पोत साधनाला, तिनं फार केलंय. याडीनं माझ्या लग्नात शिवलेला घागरा-चोळीचा जोड, ती फेटिया-काचळी, तू ने. आणि याडीलाही तूच ने. पहिले दोन-तीन दिवस तिला काही सांगू नकोस, नुसती तिच्याशी आपल्या बोलीत बोलत बस. मी तिच्याशी तशी काहून बोलत नव्हते, ते मग सांग.

तुझीच ताई,
दिपा