बाहत्तर किलोमीटर, तीन दिवस

आबा, आज मी सातवीच्या वर्गात वेग, अंतर आणि वेळ शिकवत होते. फळ्यावर बाहत्तर किलोमीटरचं उदाहरण घातलं, तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ही गाडी मधी कुठंच थांबत न्हाई व्हय?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तास कसाबसा संपवला. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण आज त्या तासापासून मनात तुमच्याशीच बोलतेय.

तुम्ही अंतर किलोमीटरमध्ये कधी मोजलंच नाही. आपल्या गावापासून मलकापूरकडची बागायत म्हणजे पाच मुक्काम. त्या वर्षी मळ्याच्या मालकाचा निरोप आला होता. नांगरणीआधी रानात मेंढरं बसवा, खत होईल, पण शुक्रवारी सांजेपर्यंत या, नाहीतर दुसरा कळप बसवू. म्हणजे सोमवारी पहाटे निघायलाच हवं. आणि मंगळवारी माझ्या शाळेत बक्षीस समारंभ. गणितात पहिली आले होते मी. तुम्ही समोर बसलेले मला हवे होते, बस्स. रविवारी मी किलोमीटरच्या दोन दगडांमधली कळपाची चाल घड्याळ लावून मोजली. तासाला तीन किलोमीटर, दिवसाचे आठ तास. मळ्यापर्यंतचे बाहत्तर भागिले चोवीस. "आबा, तीन दिवस लय झालं. बुधवारी निघा." आई म्हणाली, "मेंढरं हायती ती, यष्टी न्हाई." तुम्ही मात्र माझ्या वहीवरून बोटं फिरवलीत, वाचता येत असल्यासारखी. "पोरगी शिकलीया. तिचं ऐकू."

मंगळवारी तुम्ही धुतलेला पटका बांधून पहिल्या रांगेत बसलात. गुरुवारी विट्याच्या पुढे दोन मेंढ्या रस्त्याकडेला व्याल्या. एरवी तुम्ही अख्खा कळप थांबवला असता. या वेळी कोकरं घोंगड्यात घेतलीत आणि त्या मेंढ्यांना तसंच हाकत नेलंत. एक वाटेतच मेली, तिचं कोकरू दुसऱ्या दिवशी. शनिवारी दुपारी पोचलात तेव्हा रानात दुसऱ्याची मेंढरं बसली होती. हे सगळं तुम्ही दोघं परत आल्यावर आईनं सांगितलं. तुम्ही माझ्या चुलत्यांना एवढंच म्हणालात, "पोरीचं गणित बराबर हुतं. मेंढरंच मागं पडली." त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

गणित बरोबर नव्हतं, आबा. व्यायला आलेल्या त्या दोन मेंढ्यांच्या भरलेल्या कासा मी रविवारीच पाहिल्या होत्या. वहीत त्यांच्यासाठी आधी एक दिवस जास्त धरला होता, मग खोडरबरानं पुसला. तुमची बोटं त्या पुसलेल्या जागेवरूनच फिरली. पण मेंढीच्या पोटाला हात लावून दिवस सांगणारे तुम्ही, तुम्हाला ते ठाऊक नसेल असं कसं होईल? मी तुम्हाला फसवलं, की माझ्यासाठी तुम्ही फसवून घेतलंत? तुम्ही होतात तोवर विचारायचा धीर झाला नाही.

आज लिहिलेलं हे पान माझ्या वहीतच राहील. त्या मुलीला उद्या उत्तर द्यायला हवं, पण देईन की नाही, सांगता येत नाही. दर वर्षी मी हेच उदाहरण घालते, हेच आकडे. फक्त मेंढरांच्या जागी गाडी लिहिते.