चार ठिपक्यांच्या आत

पूर्णा, ३ जानेवारी १९६०
सुमनला परभणीला नेऊन आणले. शिरेतून सुई. परतताना गाडीत उलट्या. मानेतली गाठ सुपारीएवढी होती, आता हरभऱ्याएवढी लागते. तिनेही चाचपली.

६ जानेवारी
छातीवर लाल झाले आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनच्या व्रणाभोवती, जिथे गेल्या वर्षी मुंबईत विजेचा शेक दिला होता. ती कातडी कधीच भरून आली होती. आज पुन्हा ताजी भाजल्यासारखी. शेक तर केव्हाच बंद.
आत्याच्या बटव्यात बिब्बा असतो. दाढेपासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला तोच; उतला तर कातडी भाजून काढतो. विचारले. "न्हाई लावला."

७ जानेवारी
परभणीच्या डॉक्टरांचाही पहिला प्रश्न बिब्ब्याचाच. "तुमच्या मिसेसना उतलाय. म्हातारीला विचारा."
घरी येऊन आत्याला म्हणालो, सांगून टाक, कोणी रागावणार नाही. तिने बटवा माझ्यापुढे उपडा केला. सुपारी, कात, बिब्बे.
"माज्या मांडीवर मुतलास तू, आन् मला माफ करायलास व्हय?"
जेवली नाही.

९ जानेवारी
शेकाच्या वेळी जागा आखून चार कोपऱ्यांना काळे ठिपके टोचले होते. आत्या त्यांना मुंबईचं गोंदण म्हणते. आज अंग पुसताना पाहिले: लाली ठिपक्यांशी थांबते. रेघ मारल्यासारखी.
सुमन आरशात बघून: "आत्याबाई पट्टी घेऊन बसल्या होत्या का?" हसली. हसताना आग झाली.
आत्याला दाखवले. "मग?" म्हणाली. एवढेच.

११ जानेवारी
परभणी. डॉक्टरांनी ठिपके पाहिले, मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिथे असे क्वचित पाहिले आहे. या औषधाने जुन्या शेकाची जागा पुन्हा पेटते. का, ते माहीत नाही. सुया थांबवा. जागा कोरडी ठेवा. सैल सुती कपडा. साबण नाही, तेल नाही, चोळणे नाही. मलम दिले.
पुढची सुई? जागा निवल्यावर, कमी करून. पुन्हा पेटेल किंवा न पेटेल.
आणि दिलीच नाही तर? हे सुमनने विचारले. मला जमले नसते.
"गाठ थांबून राहत नाही, बाई."

१५ जानेवारी
काल संक्रांत. बायका वाणाला आल्या, सुमन आतच. आत्याने माझे जुने धोतर फाडून घड्या करून दिल्या, पण पट्टीला हात लावत नाही.
"तूच कर. उद्या काई झालं तर पुन्यांदा बटवा उपडा करायला लावशील."
मीच करतो. शाळेआधी, शाळेनंतर.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून घरी. कातडीचे पापुद्रे सुटताहेत. खाली गुलाबी. आग नाही.
सुमनने माझे बोट मानेवर ठेवले. "वाढली का?"
"तुला काय वाटतं?"
"माझं बोट रोज तिथंच असतंय. तुमी सांगा."
वाढली आहे. सांगितले.

१ फेब्रुवारी
सुमन: "द्या म्हणावं सुई. भाजलेलं बरं होतंय, बघितलं की आपण." मी थांबू म्हणत होतो.
आत्या बटवा कमरेला खोचत: "मी बी येते. त्या डागदराला बिब्बा दाखवायचाय."

२ फेब्रुवारी
सुई दिली. निम्मी. गाडीत आत्या सुमनचे डोके मांडीवर घेऊन बसली.

४ फेब्रुवारी
सकाळी पट्टी घेऊन गेलो. आत्या आधीच दाराच्या उजेडात सुमनला घेऊन बसलेली, पदर बाजूला करून.
"ये. बघ."
वाकून पाहिले. चार ठिपके. आत एका कोपऱ्याला किंचित रंग. रात्री कपड्याचा वळ उठला असेल. नसेलही.
"मला काई दिसत न्हाई," आत्या म्हणाली. सुमनचा पदर पुन्हा ओढून दिला.