दगडोबाचे सोबती

प्रिय दगडोबा,

घरात तुला या नावाने कुणी हाक मारत नाही. घरात तू बोलघेवडा, विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसणारा, कुणाच्याही लग्नात मुलीकडच्यांपेक्षा जास्त रडणारा माझा धाकटा भाऊ. पण हे पत्र मी अर्धं बहीण म्हणून आणि अर्धं स्टुडिओतली सहकारी म्हणून लिहितेय, म्हणून तुझ्या पात्रावरून पडलेलं हे स्टुडिओतलं नाव. फोन केला असता, पण डॉक्टरांनी तुला बोलायची बंदी केलीय, म्हणजे मी एकटीच बोलत सुटले असते. नेहमी तेच होतं, असं तू पाटीवर लिहून तुझ्या बायकोला दाखवशील. दाखव.

तू दिग्दर्शकाला पाठवलेला निरोप मी वाचला. गळ्यातली गाठ काढल्यापासून आवाज घोगरा झालाय, शेवटच्या भागासाठी दुसरा कलाकार बघा, माझ्यामुळे मालिकेचं नुकसान नको. तीन ओळी, ना नमस्कार ना चमत्कार. खरं सांगते, मला राग आला. अकरा वर्षं मालिकेतल्या ज्या माणसाला तू आवाज दिलास, त्याला शेवटच्या वळणावर असं सोडून जायचं?

पहिल्या वर्षी मलाच तो माणूस आवडला नव्हता. तलवार घेऊन सूडाच्या मागे निघालेला, थंड काळजाचा. त्याच्या मागे तिघं चालतात. सैन्यातून पळालेला शिपाई, शत्रूची मुलगी आणि मी जिचा आवाज करते ती माझी वैद्यीण. हा कुणाचे आभार मानत नाही. तिघांचे जीव वाचवतो आणि वर उशीर केलात म्हणून त्यांनाच बोल लावतो. शिपायाचा आवाज करणारे काका पहिलं स्क्रिप्ट वाचून म्हणाले होते, की असल्या खडूस माणसामागे जाणारे तिघंही बिनडोक असणार. मी मान डोलावली होती. मोठी बहीण असून.

त्यात तुझे नखरे. डबिंगला एकेक जण काचेमागच्या खोलीत जातो, आपापली वाक्यं बोलतो आणि घरी जातो. तू मात्र हट्टाने सगळ्यांच्या शेवटी जायचास. आमचे तिघांचे आवाज आधी रेकॉर्ड झालेच पाहिजेत, ते कानात घेऊनच तू बोलणार. चिमणी, म्हणजे शत्रूच्या मुलीचा आवाज करणारी स्टुडिओतली पोरगी, तुला महाराज म्हणायची. मग पहिल्या भागाची तयार प्रत आपण सगळ्यांनी एकत्र पाहिली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. दगडोबा नुसताच उर्मट वाटत होता. रेकॉर्डिंगवाल्याने मोठ्या निगुतीने तुझ्या प्रत्येक वाक्याआधीची फट आणि तिच्यातला बारीक श्वास कापून टाकला होता. त्याला वाटलं, नवखा आहे, वाक्यं उशिरा उचलतोय.

दिग्दर्शकाने तुला पुन्हा आत पाठवलं आणि मी काचेला नाक लावून उभी राहिले. माझ्या वैद्यीणीला तुला सांगायचं होतं, की तुझी गरज नाही, मागे थांब. ते बोलण्याआधी तुझे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. तू म्हणालास, ताई. आणि मग ते बर्फासारखं वाक्य. बाहेर आल्यावर तू कान पकडून कबूल केलंस, की प्रत्येकाशी बोलण्याआधी तू त्याला मनातल्या मनात हाक मारतोस, नाहीतर इतकं कडू बोलायला तुझी जीभच वळत नाही. कापलेल्या फटी सगळ्या परत जोडल्या. त्यानंतर मालिका पाहणाऱ्या कुणीच विचारलं नाही, की हे तिघं त्याच्यामागे का जातात. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला, की मी घरी जाईपर्यंत कुणाशी बोलले नाही. माझ्या बाबतीत हे किती अवघड, तुला माहीत आहे.

इकडची खबर अशी. काका रोज तुझी चौकशी करतात, वर म्हणतात चौकशी केल्याचं त्याला सांगू नका. चिमणीने तुझी खुर्ची कुणाला बसायला मिळू नये म्हणून तिच्यावर आपली बॅग ठेवलीय. आणि काल नव्या कलाकाराची चाचणी झाली. दिग्दर्शकाने मला मत विचारलं. मी खोटं बोलले नाही. मुलगा चांगला आहे, आवाज हुबेहूब आहे, त्याच्यावर मालिका नीट पार पडेल. तेव्हा तुझ्यावाचून सगळ्यांचं अडलंय असं लिहून मी तुला चढवणार नाही. तुझ्या डॉक्टरांनाही मी परस्पर भेटून आलेय, त्यासाठी हवं तितकं रागाव. गुरुवारपासून रोज दहा मिनिटं हळू आवाजात बोलायला त्यांची हरकत नाही. दिग्दर्शकाला घोगरा आवाज चालतो. शेवटच्या भागात बारा दिवस उन्हातान्हात चाललेला माणूस आणखी कसा बोलणार, असं तो म्हणतो.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगते. शेवटच्या भागाचं स्क्रिप्ट तुला अजून मिळालेलं नाही, मला मिळालंय. त्यात माझी वैद्यीण मरते. तुझा दगडोबा शेजारी बसतो, तिचं डोकं मांडीवर घेतो, आणि त्याला एकच वाक्य आहे. काल चाचणीसाठी मला त्या नव्या मुलासोबत उभं केलं होतं; त्याने ते म्हटलं, अगदी छान म्हटलं, आणि मी माझी वाक्यं विसरून गेले. तीन वेळा. माझ्यावर अशी पाळी कधी आली नव्हती. मालिकेचं राहू दे, रे. मला परक्याच्या मांडीवर मरायला जमत नाहीये. गुरुवारी अकराला ये.

तुझीच,
ताई