सहाणेवर उगाळलेली गोळी

चि. त्रिवेणीस आशीर्वाद.

तुझ्या आईची छाती रोज संध्याकाळी पुन्हा दुखू लागली, म्हणून आज सकाळी तिला दाखवून आणलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाबा, गोळी साबूत खिलाते ना? ये दिनभर आहिस्ता घुलती. पीसे तो सब एकदम चढती."

मी "हौ" म्हणालो.

पोरी, तिला गिळवत नाही म्हणून महिनाभर मी ती गोळी सहाणेवर उगाळून मधातून चाटवतो आहे. तुला लहानपणी मात्रा द्यायचो, तशीच. चाटवली की ती म्हणायची, "अहो, घर फिरतंय." मी म्हणायचो, औषध लागू पडतंय. पाकिटावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि कुणाला विचारायची लाज वाटली.

माझ्या त्या 'हौ'वर बाईंनी उद्यापासून गोळी दुप्पट केली आहे. त्यात ती जाईल गं.

हे पत्र तुला पोचेपर्यंत उद्या उलटून जाईल, आणि बाईंना मराठी येत नाही, नाहीतर हेच पत्र त्यांच्या हाती दिलं असतं. म्हणून आत्ताच परत दवाखान्यात निघालो आहे. सहाण पिशवीत घेतली आहे. तोंडातून शब्द फुटला नाही, तर तीच त्यांच्यापुढे ठेवीन.

तुझा घाबरलेला बाप,
हणमंतराव
बरकतपुरा