आत न घेतलेला कोट

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पार्सल आणि त्यातला तुझा दुकानात घालायचा पांढरा कोट मिळाला. भावजींनी मारलेली गाठ सोडवताना माझं नख तुटलं. त्यांना म्हणावं, औषधाचं दुकान आहे म्हणून कपडेसुद्धा सीलबंद करायचे नसतात! फोनवर तू "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले.

माझी पोटाची दुर्बिणीची तपासणी झाली. आधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "अगं, ॲसिडिटी आहे, एक गोळी घे नि कामाला लाग." घसा बधिर करायला फवारा मारला आणि मी लहान पोरीसारखी सिस्टरचा हात धरून पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जठराच्या आतल्या अस्तराला सूज आहे. अस्तर म्हटल्यावर मला शिंपिणीला जरा समजलं. वरून कोट ठाकठीक आणि आत अस्तर विरलेलं, असे कितीतरी माझ्याकडे येतात.

तपासायला अस्तराचे बारीक तुकडे काढले. रिपोर्ट येईपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती. मशीनवर बसलं की बाबाच दिसायचे, पोटाशी उशी दाबून बसलेले.

कॅन्सर नाही. हे आधी वाच, मग पुढचं. सूज जुनी आहे, एका जागी अस्तर पातळ झालंय आणि थोड्या भागात ते आतड्याच्या अस्तरासारखं व्हायला लागलंय. त्यावर लक्ष ठेवायचं, काही काळाने पुन्हा बघायचं. अशी सूज बऱ्याचदा एका जंतूमुळे येते, पण माझ्यात तो सापडला नाही.

"ॲसिडिटीची गोळी चालू होती का?" बाईंनी विचारलं.

"हो, रोजचीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी आधी विचारलं होतं ना, कुठलं औषध चालू आहे? तुम्ही म्हणालात, काहीच नाही!"

आपल्या घरात ती गोळी औषधात मोडतच नाही. दात घासावे तशी आपण ती घेतो. पण तिच्यामुळे तो जंतू तपासणीत लपून राहतो म्हणे. आता गोळी बंद ठेवून परत तपासायचं. तो बहुधा लहानपणी घरातल्या घरातच लागतो, आणि बाबा पोटाच्या कॅन्सरने गेले, म्हणून भावंडांनीही दाखवावं असं त्या म्हणाल्या.

ताई, इथवर लिहून मी उठले, उगाच भांडी आवरली, परत बसले.

"बाजूंनी आत घे, ढगळ होतोय," अशी तुझी चिठ्ठी आहे. हा कोट मी गेल्या वेळीही आत घेतला होता, त्याच्या आधीही. तू म्हणालीस, डाएट करतेय. तू? माझ्या ताटातला शेवटचा घास पळवणारी? फोनवर हसून म्हणालीस, "दोन घासांत पोट भरतं, भांडी कमी निघतात." संडासला काळं होतं, ते म्हणे लोहाच्या गोळ्यांनी. त्या गोळ्या मुळात कशाला लागल्या, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तुझं नाव न घेता मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "त्यांना लगेच घेऊन या." काळं होतं म्हणजे आतून रक्त जात असेल, पण साधा व्रणही असू शकतो, असंही म्हणाल्या. पण बघितल्याशिवाय कळणार कसं? बाबांनाही आपण गोळ्याच देत राहिलो.

मला माझी भीती नाही गं, तुझी वाटते. इतकी वाटते की सुईत दोरा जात नाही.

कोट परतीच्या गाडीनेच पाठवतेय. एक टाकाही घातलेला नाही. माणूस आटत चाललंय आणि आपण कोट आत घेतोय, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! रागव, भांड, पण ये. फवारा मारतील तेव्हा हात मी धरीन.

हा कोट तुला पुन्हा घट्ट व्हावा म्हणून वाट बघणारी,
तुझी घाबरट धाकटी