टाइलला वेगळा, लोखंडाला वेगळा

३ मार्च
टाइल फुटली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत!

तीन दिवसांनी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, दवाखान्यातून घरी सोडणार. बाथरूममध्ये धरायला दांडा हवाच, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलंय. मिस्त्री म्हणतो, आठ दिवस थांबा. नवरा दोन आठवडे दवाखान्यात बसून पुन्हा बाहेरगावी कामावर गेलेला. मग मीच बाबांचं ड्रिल मशीन काढलं. कारखान्यात तीस वर्षं फिटर होते ते. या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. आता रागावणार तरी कसे? अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द नाही तोंडातून.

४ मार्च
टाइलचा तुकडा आणि ड्रिलला लावलेला तो बिट, म्हणजे भोक पाडायची सळी, पिशवीत घालून दुकानात गेले. हार्डवेअरवाले काका हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. हा विटांच्या भिंतीचा बिट, म्हणाले, आणि वर तुम्ही मशीनचा हॅमर, ठोके देणारा, चालू ठेवलात. टाइलला ठोकायचं नाही, खरवडत आत जायचं. भाल्यासारख्या टोकाचा बिट दिला. आधी चिकटपट्टी लावा म्हणजे घसरणार नाही, हॅमर बंद, मशीन हळू, मधूनमधून पाण्याचे थेंब. टाइल पार झाली की मगच भिंतीचा बिट.

वीस वर्षं शिवणकाम करते मी. मलमलीला जीन्सची सुई कधी घातली नाही. हे एवढं साधं सुचू नये?

५ मार्च
चार भोकं. एक चरा नाही! दांडा बसवला आणि दोन्ही हातांनी लोंबकळले. माझे चौसष्ट किलो, जागचा हलला नाही. बाथरूममध्ये एकटीच हसत बसले. किती दिवसांनी!

६ मार्च
बाबा घरी आले. डाव्या हाताने दांडा धरून उभे राहिले. नीट. माझा जीव भांड्यात पडला.

मग फुटलेल्या टाइलवरून बोट फिरवून माझ्याकडे पाहिलं. "मीच फोडली," म्हटलं. ओठाचा एक कोपरा हलला. रागाने की हसून, कळलं नाही. हसूनच असावं.

९ मार्च
पॅसेजमध्ये भिंतीला आडवी लाकडी पट्टी बसवायची होती, चालताना धरायला. बाबा खुर्चीत, बिटांचा डबा मांडीवर. मी एकेक बिट वर धरायचा, त्यांनी मान हलवायची. हा नाही. हाही नाही. लाकडाला मधोमध बारीक टोक असलेला, भिंतीला टोकाशी चपटा. एक चुकीचा उचलला तर असं बघितलं, की शाळेत हातावर छडी बसल्यासारखं वाटलं.

अकरा वर्षं झाली मला या घरात येऊन. आमचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू का" आणि "ठेव." इतका वेळ शेजारी-शेजारी कधी बसलो नव्हतो.

भिंत झाली, पट्टी झाली. शेवटच्या भोकात बिट अडकून बसला होता, तोही निघाला. दुपारी ते पट्टीला धरून दारापर्यंत चालून आले.

१० मार्च
बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. घाई करू नका, म्हणाल्या. शब्द येतील, कदाचित नाहीही येणार. सारखं "बोला, बोला" म्हणत मागे लागू नका.

बरं झालं सांगितलं. मी तेच करत होते.

१२ मार्च
पलंगाच्या लोखंडी चौकटीला हँडल लावायचं होतं. बिट बाबांनीच निवडून दिला. खिळा ठोकून खूण केली, तेलाचा थेंब टाकला, हळू चालवलं. सगळं त्यांनी खुणेने दाखवलं तसं. तरी बिट आत जाईना. नुसता धूर!

बाबा खुर्चीच्या हातावर थपडा मारायला लागले. घशातून आवाज काढत होते, मला काही केल्या उमगेना. मी तीन बिट बदलले. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

एवढं सगळं जमलं, हे एक राहिलं तर राहू दे.

१३ मार्च
सकाळी पुन्हा बसले. कालचाच बिट, तेल, बटण. पुन्हा धूर.

मागून आवाज आला, "उलटं."

मशीन बंद केलं. वळून पाहिलं. बाबांच्या कपाळाला आठ्या.

"अगं, उलटं फिरतंय!"

खरंच की. त्या दिवशी पट्टीच्या भोकात अडकलेला बिट काढताना मशीनची दिशा बदलायची कळ मीच दुसऱ्या बाजूला ढकलली होती.

भोक अजून पाडलेलं नाही. आधी नवऱ्याला फोन लावला आणि काही न बोलता बाबांच्या कानाशी धरला.